जड गाडीचं हँडल डगमगतंय? गॅरेजात पैसे घालण्याआधी हे क्रमाने तपासा

कर्वेनगर (पुणे) : मुळशी, वेल्हे, भोर, हवेली भागातली बुलेट, क्लासिक, हिमालयन, डॉमिनार अशी जड गाडी दुरुस्तीला पुण्यात आली की ती अनेकदा कर्वेनगर, वारजे, कोथरूड या पट्ट्यातल्या गॅरेजात उभी राहते. तक्रार जवळपास ठरलेली असते. "साठच्या पुढं गेलं की हँडल थरथरतं." "एकटा असलो की नीट चालते, मागं कुणी बसलं की लोळते." मेकॅनिक गल्लीत एक राउंड मारून येतो आणि सांगतो, "गाडीला काही नाही." मालक बिल देतो, वारज्याच्या पुलावरून बायपासला लागतो, आणि काटा सत्तरवर गेला की हँडल पुन्हा नाचायला लागतं.

यात मेकॅनिक खोटं बोलत नाही आणि मालकही नाही. कर्वेनगरच्या गर्दीत गाडी तीस-पस्तीसच्या पुढे जातच नाही. डगमगीचा दोष मात्र ठराविक वेगाला, ठराविक ओझ्यालाच उठतो. त्यामुळे गल्लीतल्या राउंडमध्ये तो दिसत नाही. मग अंदाजाने एकेक सुटा भाग बदलला जातो. आधी कोनसेट, मग शॉकअप, मग टायर. खर्च वाढत जातो आणि शेवटी कळतं, की मागच्या चाकात हवा कमी होती.

म्हणून ही माहिती क्रमाने दिली आहे. आधी फुकटची तपासणी, मग स्वस्तातली, मग खर्चाची. हा क्रम पाळला तर बऱ्याच गाड्या पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच सरळ होतात.

आधी ओळखा : थरथर वेगळी, लोळणं वेगळं

आपण सगळ्यालाच 'डगमगते' म्हणतो, पण हे दोन वेगळे आजार आहेत. इंग्लंडमधले संशोधक रॉबिन शार्प यांनी १९७१ साली मोटरसायकलच्या स्थिरतेवर गणित मांडलं, तेव्हापासून अभियंते या दोन्हींना वेगळी नावं देतात.

पहिला 'वॉबल', म्हणजे हँडलची थरथर. यात फक्त पुढचं चाक आणि हँडल डावी-उजवीकडे भराभर हलतं. सेकंदाला साधारण सहा ते दहा वेळा, त्यामुळे मोजता येत नाही. हाताला झटके जाणवतात. ही थरथर बहुधा मध्यम वेगाला, आणि विशेष करून ॲक्सिलेटर सोडून गाडी हळू होत असताना उठते.

दुसरा 'वीव्ह', म्हणजे गाडीचं लोळणं. यात अख्खी गाडी सापासारखी वळवळते, सुरुवात मागून झाल्यासारखी वाटते. हे सेकंदाला दोन ते चार वेळा होतं, म्हणजे अंगाला नीट कळतं. जास्त वेगाला, लांब वळणावर, किंवा मागे ओझं असताना हे होतं.

ढोबळ नियम असा : थरथर असेल तर शोध पुढच्या बाजूने सुरू करा, लोळणं असेल तर मागच्या बाजूने.

आणखी दोन गोष्टी यात मिसळू नका. फक्त ब्रेक दाबल्यावरच हँडल थरथरत असेल तर दोष बहुतेक डिस्क किंवा ड्रममध्ये असतो. आणि सिमेंटच्या रस्त्यावर लांबीला चर पाडलेले असतील तर चांगली गाडीही थोडी वळवळल्यासारखी वाटते. डांबरावर आल्यावर ते थांबत असेल तर गाडीला काही झालेलं नाही. बायपासवर मोठा ट्रक शेजारून गेला किंवा ताम्हिणीच्या बाजूला आडवा वारा लागला तर गाडी एकदा ढकलली जाते. तो वाऱ्याचा धक्का आहे. धक्क्यानंतर गाडी एक-दोन हेलकाव्यांत आपोआप सरळ झाली तर ठीक. हेलकावे वाढत गेले तर मात्र दोष आहे.

हँडल मुळात थरथरतं कशामुळं?

दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं किंवा मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. जोरात ढकललं की ते फडफडायला लागतं. गाडीच्या पुढच्या चाकाचंही तेच आहे. हँडलचा दांडा तिरका असतो. त्या दांड्याची रेष जमिनीपर्यंत लांबवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. म्हणजे टायर त्या रेषेच्या मागे ओढला जातो. म्हणूनच चाक आपोआप सरळ होतं आणि गाडी सरळ धावते.

पण सरळ होताना चाक थोडं पलीकडे जातं, पुन्हा परत येतं, पुन्हा पलीकडे जातं. चांगल्या गाडीत ही हालचाल टायर, बेअरिंग आणि आपले हात जिरवून टाकतात. कुठेतरी ढिलाई आली, टायर झिजला किंवा पुढचं वजन कमी झालं, की हालचाल जिरत नाही, उलट दर फेऱ्याला वाढते. दोष छोटा असला तरी ठराविक वेगाला तो मोठा का दिसतो, ते यावरून कळतं.

जड गाडीत हे जास्त जाणवतं, कारण वजनच तेवढं आहे. नवी क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची, सुपर मीटिओर ६५० सुमारे २४१ किलोची. त्यात दोन माणसं आणि सामान धरलं तर साडेतीनशे-चारशे किलो दोन चाकांवर पळत असतात. एकदा हेलकावे सुरू झाले की नुसत्या मनगटाच्या जोरावर ते थांबत नाहीत.

पायरी १ : हवा

सगळ्यात आधी हवा, आणि ती थंड टायरमध्ये. गाडी लांबून चालवून आणली की टायर तापतो आणि आकडा वाढलेला दिसतो. म्हणून सकाळी घरातून निघताना किंवा जवळच्या पंपावर पहिल्या एक-दोन किलोमीटरमध्ये हवा तपासा. अंगठ्याने दाबून किंवा लाथ मारून हवा कळत नाही. पेनासारखं साधं प्रेशर गेज मिळतं, ते घरात ठेवा.

"पुढं-मागं दोन्हीत तीस टाक" ही सवय सोडा. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो. पुढच्या आणि मागच्या चाकाचा वेगळा, एकटं असताना आणि मागे माणूस असताना मागच्या चाकाचा पुन्हा वेगळा. हे आकडे गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात असतात, बऱ्याच गाड्यांवर स्टिकरही असतं. जुनी बुलेट आणि नवी क्लासिक दिसायला सारख्या असल्या तरी त्यांचे आकडे सारखे नाहीत, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका.

पुढे हवा कमी असेल तर हँडल जड लागतं आणि हळू होताना थरथरतं. मागे कमी असेल तर गाडी लोळते. गरजेपेक्षा जास्त हवा भरली तर टायर रस्त्याला कमी टेकतो आणि खड्ड्यावर उड्या मारतो. हवा बरोबर करा आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी पुन्हा चालवून बघा. फरक पडला तर इथेच थांबा. दर आठवड्याला हवा कमी होत असेल तर वॉल्व्ह आणि बारीक पंक्चर बघून घ्या.

पायरी २ : ओझं

गावाकडे जड गाडी फिरायला कमी आणि कामाला जास्त असते. दोन्ही बाजूला दुधाच्या किटल्या, मागे पेंडीचं पोतं, फवारणीचा पंप. वीस लिटर दूध म्हणजे वीस किलोपेक्षा थोडं जास्त वजन, किटलीचं वेगळं.

तीन गोष्टी बघा.

पहिली, ओझं कुठे आहे. मागच्या चाकाच्या एक्सलच्या मागे टांगलेलं वजन तरफेसारखं काम करतं. मागचं टोक खाली दाबतं आणि पुढचं चाक हलकं करतं. हलकं झालेलं पुढचं चाक लगेच थरथरतं. म्हणून जड वस्तू सीटजवळ आणि खाली बांधा, हलकी वस्तू मागे.

दुसरी, दोन्ही बाजू सारख्या आहेत का. एका बाजूला भरलेली किटली आणि दुसऱ्या बाजूला रिकामी असेल तर गाडी सतत एकीकडे ओढते आणि आपण नकळत हँडल विरुद्ध बाजूला धरून ठेवतो.

तिसरी, ओझं हलतं का. अर्धी भरलेली किटली सगळ्यात वाईट. आतलं दूध डचमळतं आणि गाडीच्या प्रत्येक हेलकाव्याला आणखी धक्का देतं. दोन अर्ध्या किटल्यांपेक्षा दोन लहान, पूर्ण भरलेल्या किटल्या बऱ्या. ढिली दोरी आणि हलणारं कॅरिअर हेही तसंच.

लांबच्या प्रवासाला मागे मोठी पेटी बसवणाऱ्यांनी पेटीवर लिहिलेली किलोची मर्यादा वाचावी. ती बहुतेकांच्या अंदाजापेक्षा कमी असते. पेटी काढून, सामान उतरवून एकदा गाडी चालवून बघा. डगमग गेली तर सुटा भाग बदलायची गरज नाही, ओझं बांधायची पद्धत बदला.

पायरी ३ : टायर

बायपासने रोज सरळ जाणाऱ्या गाडीचा मागचा टायर मधोमध झिजून चपटा होतो. गोल टायर गाडीला सहज कलू देतो, चपट्याला कडा तयार होतात. वळणात त्या कडेवर चाक आलं की गाडी दचकल्यासारखी वळवळते. पुढच्या टायरचे ठोकळे एका बाजूने जास्त झिजून खालवर होतात. हात फिरवला की करवतीसारखं लागतं. असा पुढचा टायर थरथरीचं नेहमीचं कारण आहे.

टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात, बाजूला त्यांची खूण असते. नक्षी त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. टायरवर चार अंकी तारीखही असते. २३१९ असं लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शिल्लक असली तरी बरीच वर्षं उन्हात उभ्या गाडीचं रबर कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर टायर बदला.

नवीन टायर टाकल्यावरच डगमग सुरू झाली असेल तर तीन गोष्टी बघा. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे का. रिमच्या कडेला टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर आहे का. आणि टायरचा आकार कंपनीने सांगितलेलाच आहे का. रुबाबासाठी जास्त रुंद टायर टाकला की गाडीची चाल बदलते.

पायरी ४ : रिम, तारा आणि बॅलन्सिंग

तारांच्या चाकात एक-दोन तारा ढिल्या झाल्या तरी रिम हळूहळू आउट होते. डबल स्टँडवर लावून चाक फिरवा आणि पान्ह्याने प्रत्येक तारेवर हलकेच टिचकी मारा. घट्ट तार 'टण्ण' वाजते, ढिली 'थप्प' वाजते. आवाज ऐकून कोणती तार ढिली ते गावातल्या सायकलवाल्यालाही कळतं. पण ती घट्ट करणं मात्र जाणकारावर सोडा. एकच तार आवळत बसलं की रिम दुसरीकडे आउट होते.

रिम सरळ आहे का हे बघायला पेन्सिल फोर्कला टेकवून तिचं टोक रिमजवळ धरा आणि चाक फिरवा. रिम पेन्सिलीच्या जवळ-लांब होत असेल तर ती बाजूला आउट आहे, वर-खाली होत असेल तर गोल राहिलेली नाही. मिश्रधातूच्या चाकाला खड्ड्यात मार बसून वाक आला असेल तर तोही असाच दिसतो.

रिम सरळ असूनही साठ-सत्तरनंतर थरथर असेल तर चाकाचं बॅलन्सिंग करून घ्या. चारचाकीचं करतात तसं दुचाकीचंही होतं. रिमवर किंवा तारेवर छोटी वजनं लावतात. टायर बदलताना जुनी वजनं पडून जातात आणि पुन्हा कुणी लावत नाही, हे गावाकडे हमखास होतं.

पायरी ५ : दोन्ही चाकं एका रेषेत

चेन ताणताना मागचं चाक एका बाजूने जास्त ओढलं गेलं की ते तिरकं बसतं. गाडी खेकड्यासारखी किंचित तिरपी चालते, चेनही लवकर झिजते. चेन ॲडजस्टरवरच्या खुणा दोन्ही बाजूला सारख्या असायला हव्यात. जुन्या बुलेटला गोगलगायीच्या आकाराचे ॲडजस्टर असतात, त्यांचे दात दोन्हीकडे मोजून सारखे ठेवावे लागतात.

खुणांवर भरवसा नसेल तर दोरी लावा. सऱ्या सरळ काढायला लावतो तशीच. गाडी सरळ उभी करून मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकलेली लांब दोरी पुढच्या चाकापर्यंत ओढा, जमिनीपासून साधारण एक्सलच्या खालच्या उंचीला. मध्ये स्टँड किंवा सायलेन्सर दोरीला लागू देऊ नका. पुढचा टायर अरुंद असल्यामुळे दोन्ही बाजूला फट राहील. हँडल सरळ धरल्यावर ती फट दोन्हीकडे सारखी हवी. एकीकडे जास्त, एकीकडे कमी असेल तर आधी मागचं चाक नीट बसवा.

एक्सलचा नट शेवटी पुस्तकातल्या जोरानेच घट्ट करून घ्या. पान्ह्यावर उभं राहून आवळलेला नट बेअरिंग खातो, ढिला राहिला तर चाकच हलतं.

पायरी ६ : कोनसेट

इथून पुढे खर्चाची कामं सुरू होतात, म्हणून ही तपासणी मन लावून करा.

डबल स्टँड लावा, एकाला मागून कॅरिअर दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. दुसऱ्याने समोर बसून फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवायची. 'खट' असा ठोका लागला तर कोनसेट ढिला आहे. आता हँडल मधोमध ठेवून हळूच एका बाजूला सोडा. ते आपल्या वजनाने सावकाश खाली पडायला हवं. मध्यावर खाच असल्यासारखं अडकत असेल तर गोळ्यांनी रेसला खड्डे पाडले आहेत. असा कोनसेट आवळून उपयोग नाही, बदलावाच लागतो.

इथेच एक वाईट सवय आहे. थरथर आली की कोनसेट करकचून आवळतात. हँडल जड होतं आणि थरथर दबल्यासारखी वाटते. पण घट्ट कोनसेटमुळे हँडल आपोआप सरळ होत नाही. हळू चालवताना गाडी दारू प्यायल्यासारखी इकडे-तिकडे जाते आणि मोठ्या वेगाला लोळणं वाढू शकतं. शिवाय रेस लवकर खराब होते. कोनसेट ढिला नको आणि घट्टही नको. हँडल मोकळं फिरलं पाहिजे, पण ठोका लागता कामा नये.

पायरी ७ : मागचा चिमटा, शॉकअप, चाकाचं बेअरिंग

गाडी मागून लोळत असेल तर हे तपासा. मागचं चाक उचललेलं असताना ते वरून आणि खालून धरून बाजूला हलवा. चाकच खटखटलं तर चाकाचं बेअरिंग गेलं. मग चिमट्याची मागची टोकं धरून बाजूला हलवा. चिमटा हलला तर बुश झिजले. चिखल-पाण्यात फिरणाऱ्या गाडीचे बुश ग्रीसविना लवकर जातात आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

दोन शॉकअप असलेल्या गाडीत दोन्हींची सेटिंग सारखी हवी. खालच्या कड्याचे टप्पे मोजा. डावीकडे दुसरा टप्पा आणि उजवीकडे चौथा असेल तर गाडी नीट चालणारच नाही. मागे माणूस किंवा ओझं असेल तर दोन्ही बाजू सारख्या वाढवा. मागचा भाग दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर शॉकअप चांगला, दोन-तीन वेळा झोके घेत राहिला तर त्यातलं तेल गेलं. पुढच्या फोर्कच्या सीलमधून तेल गळत असेल तर तेही थरथरीचं कारण असतं. तेल बदलताना दोन्ही पायांत सारखंच भरून घ्या.

पायरी ८ : पडलेली किंवा ठोकलेली गाडी

गाडी पूर्वी पडली असेल, किंवा जुनी विकत घेतली असेल आणि तिचा इतिहास माहीत नसेल, तर वरचं सगळं नीट असूनही डगमग राहू शकते. सरळ जाताना हँडल तिरपं राहतं का बघा. पुढचं चाक काढल्यावर एक्सल दोन्ही पायांतून हाताने सहज सरकला पाहिजे. ठोकून घालावा लागत असेल तर फोर्क पिळलेला किंवा वाकलेला आहे. पिळलेला फोर्क कधी कधी क्लॅम्प ढिले करून सरळ होतो. वाकलेला पाइप किंवा चासी मात्र भट्टीवर तापवून सरळ करून घेऊ नका. तापलेलं लोखंड पहिल्यासारखं मजबूत राहत नाही. जुनी गाडी घेताना ही तपासणी सौद्याआधीच करा.

नंतर लावलेल्या वस्तू

कर्वेनगरवरून उत्तरेला दिसणाऱ्या वेताळ टेकडीवर एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत बाजारात येण्याआधी गाड्यांच्या चाचण्या होतात. गाडी मंजूर होते ती ठराविक टायर, ठराविक शॉकअप, ठराविक वजन अशी सगळी मिळून. त्यातली एक गोष्ट बदलली की गाडीची चालही बदलते.

हँडलवर बसवलेली मोठी काच वारा पकडते आणि तो धक्का थेट हँडलला देते. जड लेगगार्ड, उंच हँडल, लांब केलेला फोर्क यांचाही परिणाम होतो. अशी वस्तू लावल्यानंतरच डगमग सुरू झाली असेल तर आधी ती काढून गाडी चालवून बघा. कंपनीच्या मूळ रचनेत मोठे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे, हेही ध्यानात ठेवा.

काही जण 'स्टीअरिंग डॅम्पर' बसवायचा सल्ला देतात. तो हँडलचे झटके जिरवतो, पण मूळ दोष काढत नाही. झिजलेला टायर आणि ढिला चिमटा तसाच ठेवून डॅम्पर बसवणं म्हणजे ताप उतरवायची गोळी घेऊन जखम तशीच ठेवणं.

एबीएसही यावर इलाज नाही. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. पण त्याचं काम ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणं एवढंच. डगमग ते थांबवत नाही.

चालू गाडीत डगमग सुरू झाली तर

हे घरातल्या तरुण मुलांना नक्की वाचून दाखवा.

• हँडल आवळून धरू नका. हात सैल ठेवा, पण सोडू नका.
• गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा आणि अंग थोडं पुढे झुकवा. पुढच्या चाकावर वजन येतं.
• ॲक्सिलेटर हळूहळू कमी करा, एकदम सोडू नका. वेग वाढवून डगमग 'पार करायचा' प्रयत्न करू नका.
• पुढचा ब्रेक जोरात दाबू नका. वेग उतरला की बहुधा थरथर थांबते, मग कडेला थांबा.
• मागे बसलेल्याने हलू नये, चालवणाऱ्याच्या कमरेला धरून स्थिर राहावं.

बायपासवर कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार मोठ्या अपघातांसाठी ओळखला जातो. अशा उतारावर ट्रकांच्या मध्ये हँडल नाचायला लागलं तर सावरायला जागा राहत नाही. गाडी डगमगते हे माहीत असताना ती या रस्त्यावर न्यायचीच नाही. दोष सापडेपर्यंत वेग कमी ठेवा आणि मागे कुणाला बसवू नका.

दोष तपासायला हँडलवरून दोन्ही हात सोडून बघणारे बरेच आहेत. ते करू नका. हात न सोडता पकड सैल केली तरी थरथर कळते.

गॅरेजात काय सांगायचं?

"हँडल डगमगतं" एवढंच सांगितलं तर मेकॅनिक गल्लीत राउंड मारणार आणि काही सापडणार नाही. पुढची माहिती मोबाइलमध्ये लिहून न्या :

• कोणत्या वेगाला होतं, आणि वेग वाढताना की कमी होताना?
• एकटं असताना, मागे माणूस असताना, की ओझं असताना?
• सरळ रस्त्यावर की वळणावर? खड्ड्यावर ठोका लागतो का?
• कधीपासून? त्याआधी टायर, चेन, शॉकअप यांचं काही काम झालं होतं का? गाडी पडली होती का?
• हवा किती आहे आणि ती कधी तपासली?

मेकॅनिकला हे सांगितलं की तो सरळ मुद्द्यावर येतो. "मेस्त्री, एकेक गोष्ट करा आणि दर वेळी सांगा," असंही म्हणा. एकाच दिवशी कोनसेट, टायर आणि बुश बदलले तर डगमग जाईल, पण कशामुळे गेली ते कळणार नाही आणि तिन्हींचे पैसे जातील. काढलेला जुना भाग मागून घ्या आणि डोळ्यांनी बघा.

गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार जॉबकार्डवर वेग आणि ओझ्यासह लिहून घ्या, नुसती तोंडी सांगू नका. दुरुस्त झाली नाही तर पुढे दाद मागायला तोच कागद लागतो. आणि गाडी परत घेताना चाचणी गल्लीत नको. ज्या वेगाला त्रास होतो, त्या वेगाला मोकळ्या रस्त्यावर, हेल्मेट घालून, मेकॅनिकला सांगून घ्या.

थोडक्यात क्रम

हवा, ओझं, टायर, रिम-तारा आणि बॅलन्सिंग, चाकांची रेष, कोनसेट, चिमटा-शॉकअप-बेअरिंग, शेवटी फोर्क आणि चासी. एका वेळी एकच बदल, आणि दर बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, तेवढ्याच ओझ्याने तपासणी.